वापसा आणि वारा

जून लागला की अलिबागकडची माणसं रिकामी होतात आणि राळेगाव तालुक्यातल्या माणसांना जेवायला सवड उरत नाही. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. शिडाच्या बोटीही तेव्हा पाण्याबाहेर काढून, झाकून, बांधून ठेवलेल्या असतात. माझा नवरा शिडाच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवून देतो. मालकाला बोट गोव्याला किंवा कोचीला हवी असते, स्वतः जायला वेळ नसतो, मग हा आणि याचे जोडीदार ती वाऱ्यावर घेऊन जातात. पावसाळ्यात तो धंदा बंद, म्हणून जूनमध्ये याचा मुक्काम सासुरवाडीला. यवतमाळ जिल्ह्यात, अलिबागच्या समुद्रापासून सहाशे किलोमीटरच्याही पलीकडे.

रिकामा जावई आणि कामात बुडालेला सासरा ही जोडी तशी धोक्याचीच. त्यात दोघंही आभाळाकडे बघून पोट भरणारे, आणि दोघांनाही वाटतं की आभाळ आपल्यालाच जास्त कळतं.

२०२५च्या जूनमधला हा वाद आहे. त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस सुरू झाला. मोसमी पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत, म्हणजे मुंबईच्या ११ जून या नेहमीच्या तारखेच्या पंधरवडाभर आधी. टीव्हीवर नुसता जल्लोष. आणि मग महिनाअखेरीस तो जो अडकला तो हलेना. आमच्याकडे मे महिन्यातल्या सरींनी जमीन भिजली होती, वखरणी झाली होती, धुऱ्यावर गवत हिरवं दिसत होतं. मृग लागून दोन दिवस झाले होते. कृषी खातं सांगत होतं, पेरणीची घाई करू नका. त्या दिवशी वटपौर्णिमा, त्यामुळे टोबणीला बाया नव्हत्या आणि बाबांना दुपारी पडवीत बसायला वेळ मिळाला. सरकीच्या थैल्या भिंतीशी रचलेल्या. एक थैली ९०१ रुपयांना, एकरी दोन.

जावई : मामा, आठवडाभर थांबलात तर काय बिघडेल? आता पेरलं आणि पाऊस आला नाही तर या सगळ्या थैल्या मातीत जातील.

बाबा : थैल्या मातीतच जाते, जावईबापू. त्यासाठीच घेतल्या.

जावई : तसं नाही. नागपूरची सरासरी तारीख १६ जून आहे. तुमचं तर अजून वेळेच्या आधीच चाललंय सगळं. मे महिन्यातल्या पावसानं सगळ्यांना वाटायला लागलंय की उशीर झाला.

हे त्यानं बरोबर पकडलं होतं. त्या वर्षी पाऊस लवकर आला म्हणून लोकांची घाई झाली, उशिरा आला म्हणून नव्हे. शेजारच्या वावरात तिफण दिसली की आपलं वावर ओसाड दिसायला लागतं.

बाबा : थांबाले पैसे लागत नाहीत असं वाटते का तुम्हाले?

जावई : मला तर थांबायचेच पैसे मिळतात. मागे हिवाळ्यात गोव्याला एक बोट न्यायची होती. मालक रोज फोन करायचा, आज निघाला का, आज निघाला का. दक्षिणेकडून वारा होता, समोरून. निघालो असतो तर निघालो असतो. पहिले बारा तास काही झालं नसतं. आम्ही मांडव्याला बसून राहिलो. मग वारा फिरला. दुपारी वायव्येचा, रात्री जमिनीवरून मतलई. दोन रात्रींत गोवा. मी निघायचा दिवस बघतच नाही, मामा. चाळिसाव्या तासाला मी कुठे असेन आणि तिथे वारा काय असेल, ते आधी बघतो. ते जमत असेल तरच शीड चढवायचं.

बाबा : हे तं माह्यंच म्हणणं झालं. पहिल्या पावसाले कोण भेते? मले भेव दुसऱ्या पावसाचं. चला, दाखवतो.

वावर घरामागेच आहे. बाबांनी खुरप्यानं एक वीत माती उकरली. वरची दोन बोटं माती पिठासारखी उडाली. तिच्याखाली गडद, थंड माती लागली, मे महिन्याची ओल. त्यांनी मूठभर उचलून दाबली, लाडू झाला. कमरेइतक्या उंचीवरून सोडला, तो आपटून फुटला आणि मोकळा झाला. फुटला नसता तर माती अजून चिकट. लाडूच झाला नसता तर कोरडी. फुटून मोकळा होतो त्या स्थितीला वापसा म्हणतात, आणि काळ्या जमिनीत ती स्थिती फार थोडा वेळ टिकते.

बाबा : पाहा. खाली वापसा आहे, वर धूळ आहे. आता मी धुळीत सरकी टोबली, दोन बोटं खोल, तं ती तशीच पडून राह्यते. कोरड्यात सरकी मरत नाही. चांगला मोठा पाऊस आला की उगवते. मारते कोण? अर्धा पाऊस. वीस मिलिमीटर पडला, सरकी फुगली, मोड आला, अन् वरून चार दिवस ऊन. संपलं. ते दुबार पेरणीचं पाप सगळं त्या अर्ध्या पावसाचं आहे.

जावई : म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका म्हणतात ना?

बाबा : म्हणते. बरोबर म्हणते. पण शंभर मिलिमीटर एका दमात आला तं या वावरात आठ दिवस पाय घालता येत नाही. ट्रॅक्टर तं सोडा, बैल फसते. अन् त्यावर झड लागली तं मंग जून गेला. तुम्ही वारा पडाची वाट पाहता. इथं पाऊस येण्याचीही वाट पाहा लागते अन् येऊन थांबण्याचीही. दोन्हीच्या मधात जे सापडन ते माह्यं.

नवऱ्यानं थोडा वेळ त्या फुटलेल्या ढेकळाकडे बघितलं. समुद्रावर वाट अडवायला चिखल नसतो. खवळलेला समुद्र शांत झाला की लगेच निघता येतं. काळी जमीन पाऊस थांबला तरी आत येऊ देत नाही. ही गोष्ट त्याच्या हिशेबात नव्हती. पण माघार घेणं त्याच्या स्वभावात नाही.

जावई : बरं, पण घाईनं काय होतं तेही बघा. १७ मे २०२१, तौक्ते वादळ. हवामान खातं कितीतरी दिवस आधीपासून सांगत होतं. आमच्याकडच्या कोळ्यांच्या बोटी परत आल्या होत्या. मुंबई हायजवळ पी-३०५ नावाचा तराफा होता, कामगारांच्या राहण्याचा, त्यावर २६१ माणसं. तो किनाऱ्याला न येता तिथेच नांगर टाकून राहिला. रात्रीत नांगर तुटले, तराफा भरकटला आणि बुडाला. सत्तरच्या वर माणसं गेली. का राहिला? काम पुरं करायचं असेल. पावसाळ्याआधी. ज्याच्या डोक्यात तारीख बसते त्याला समोरचा ढग दिसत नाही.

बाबा : वाईट झालं. पण एक सांगा, त्या तराफ्यावरच्या माणसाईले कोणी विचारलं होतं, थांबाचं का जाचं?

जावई : नाही. त्यांच्या हातात नव्हतं.

बाबा : मंग? माह्या हातात किती आहे ते तरी पाहा.

आणि मग त्यांनी बोटं मोडायला सुरुवात केली. कोरडवाहू पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पाणी देणारा पाऊसच. तो ऑक्टोबरात संपतो. नंतर झाड जमिनीतल्या ओलीवर बोंडं पोसतं. जूनच्या मध्यात लागलेली पऱ्हाटी ऑक्टोबरपर्यंत भरात येते, जुलैत लागलेली तेव्हा अर्धवट असते. म्हणजे प्रत्येक आठवडा उशीर हा शेवटच्या वेच्यातून वजा होतो. सोयाबीनला पंधरा दिवस पुढेमागे चालतं, कपाशीला चालत नाही. शिवाय पाऊस पडला की सगळ्या गावाला एकाच दिवशी ट्रॅक्टर हवा, एकाच दिवशी बाया हव्या. त्या दिवशी भाव दीडपट. आणि फार लवकर पेरावं तर गुलाबी बोंडअळी टपलेली. मे महिन्यात लावलेल्या कपाशीवर ती आधी बसते आणि मग सगळ्या शिवाराला पुरते, म्हणून कृषी खातं मे महिन्यातली लागवड नको म्हणतं.

जावई : म्हणजे तुमचीही एक तारीख आहेच, शेवटून मोजत आलेली. आमच्याकडे तसंच करतात. तारिणी परवा गोव्याला परत आली, २९ मेला. दिलना आणि रूपा, नौदलाच्या दोघी अधिकारी, दोघींनीच बोट पृथ्वीभोवती फिरवून आणली. गोव्यात तेव्हा पावसाळा आधीच पोचला होता, हा भाग सोडा. पण निघाल्या कधी? २ ऑक्टोबरला. का? केप हॉर्नला दक्षिणेतल्या उन्हाळ्यात पोचायचं, डिसेंबर ते फेब्रुवारी. ते टोक चुकलं की सगळं चुकलं. दिलीप दोंदे २००९ साली म्हादेई घेऊन एकटे निघाले ते १९ ऑगस्टला, मुंबईहून, भर पावसाळ्यात. कारण मुंबईचं हवामान दुय्यम होतं, हॉर्नचं महत्त्वाचं. परतले १९ मे २०१०ला. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय.

बाबा : ते नौदलाचे ना?

जावई : हो, कमांडर.

बाबा : म्हणजे वाटेत कोण्या बंदरात थांबले तरी पगार चालू.

मी हसले. तोही हसला, पण त्याच्या हसण्यात जरा चडफड होती, कारण मुद्दा लागला होता.

मला विचाराल तर या दोघांतला खरा फरक तिथेच आहे. थांबणं हे कौशल्य आहेच. वाऱ्याचा नकाशा वाचणं, मोह आवरणं, मालकाचा फोन न उचलणं, या सगळ्याला छाती लागते. पण त्या कौशल्याच्या खाली कुणीतरी जमीन धरून ठेवलेली असते. नवऱ्याच्या थांबण्याचे दिवस बोटमालकाच्या बिलात लागतात. नौदलाच्या माणसाचा पगार बुडत नाही. मासेमारीबंदीत कोळी कर्ज काढतो हे खरं, पण निदान त्याच्या शेजाऱ्याची बोटही किनाऱ्यालाच असते. बाबांना थांबा म्हणणारे बरेच आहेत. थांबण्याचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा हे मात्र कोणी सांगत नाही.

हे मी तेव्हा बोलले नाही. दोघांनीही मिळून माझ्यावर मोर्चा वळवला असता.

बाबा : ती बंदी चांगली आहे तुमची. सगळेच थांबते म्हणून थांबता येते. इथं मी थांबलो अन् धुऱ्यापलीकडच्यानं पेरलं, अन् पाऊस आला, तं त्याची पऱ्हाटी गुडघ्याला अन् माही बोटाला. वर्षभर ऐका लागते.

जावई : तीही काही इतकी सरळ नाही. कागदावर १ ऑगस्टला समुद्र उघडतो. दर्याला कुणी परिपत्रक पाठवलेलं नसतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लाटा अजून मोठ्या असतात. आमच्याकडचे जुने तांडेल नारळी पौर्णिमेआधी बोट लोटत नाहीत, आणि यंदा पौर्णिमा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. म्हणून किती लोक म्हणतात, बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा. पण १ तारखेला एकानं बोट काढली की दुसरा कशाला थांबेल? पहिल्या मासळीला भाव असतो. मग बंदरात तीन नंबरचा बावटा लागलेला असतानाही जातात.

बाबा : म्हणजे तुमच्याकडंही धुरा आहेच.

जावई : आहे.

इथे वाद मिटला असता तर बरं झालं असतं. पण बाबांनी २०२३ काढलं. ते वर्ष आमच्या घरात कुठल्याही वादात निघतं.

त्या जूनमध्ये अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ उठलं. मोसमी पाऊस केरळातच ८ जूनला आला, वादळानं त्याची गती आणखी मोडली, आणि विदर्भात पोचायला जूनचा चौथा आठवडा उजाडला. पुढे मुंबई आणि दिल्लीला तो एकाच दिवशी, २५ जूनला पोचला. जे थांबले त्यांचं शहाणपण ठरलं. जूनच्या सुरुवातीच्या शिडकाव्यावर ज्यांनी टोबलं त्यांची सरकी गेली. नवऱ्याला हा पुरावा आपल्या बाजूचा वाटतो. पण पुढे २२ जुलैला यवतमाळ जिल्ह्यावर जे आभाळ फाटलं, त्यानं थांबलेल्यांचीही उगवण वाहून नेली. महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर माणसं पुरात अडकली, हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. आणि त्यानंतरचा ऑगस्ट १९०१पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. उशीर, पूर आणि दुष्काळ, एकाच खरिपात.

बाबा : सांगा आता. कोण्या दिवशी पेराले पाह्यजे होतं?

जावई : कुठल्याच नाही, असंही उत्तर असतं कधी कधी. आम्ही तसं म्हणतो. यंदा नाही जायचं.

बाबा : यंदा नाही पेराचं, म्हणू? अन् खाचं काय?

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग नवऱ्यानं जे सांगितलं ते त्याच्या स्वतःच्या बाजूच्या विरोधात जाणारं होतं, आणि मला वाटतं म्हणूनच बाबांनी ते नीट ऐकून घेतलं.

जावई : अंदाज तीन दिवसांचा भरवशाचा, पाच दिवसांचा कामचलाऊ. त्यापुढे आपण आणि देव. लांबच्या सफरीत तुम्ही कितीही बघून निघा, दहाव्या दिवशीचं हवामान निघताना कुणालाच माहीत नसतं. अभिलाष टॉमी २०१८मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत होता, एकटाच, गोव्यात बांधलेल्या तुरिया बोटीवर. तोच अभिलाष, ज्यानं २०१२-१३ला कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. त्याच्यापेक्षा जास्त कळणारा माणूस कुठून आणायचा? २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळानं गाठलं. डोलकाठी मोडली, पाठीचा कणा दुखावला, हलता येईना. तीन दिवसांनी फ्रान्सच्या एका जहाजानं उचललं.

बाबा : वाचला ना?

जावई : वाचला. आणि त्याच शर्यतीत २०२२ला पुन्हा उतरला. २०२३च्या एप्रिलमध्ये दुसरा आला.

बाबा : म्हणजे दुबार पेरणी केली म्हणा.

यावर नवरा जो हसला तो आतापर्यंतचं सगळं विसरून. आजही बोटीवरच्या मंडळींना तो ही गोष्ट सांगतो, आणि दुबार पेरणी म्हणजे काय ते आधी समजावून सांगावं लागतं.

अंदाजावरून गाडी भेंडवळला गेली, जाणारच होती. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, धान्याचे दाणे रात्रभर ठेवून सकाळी ते कसे हलले यावरून पावसाचं भाकीत. बाबा ती बातमी दर वर्षी वाचतात आणि दर वर्षी म्हणतात की आपला विश्वास नाही. नवरा रोज सकाळी मोबाइलवर वाऱ्याचे रंगीत नकाशे बघतो. बाबांनी त्या दिवशी तो मोबाइल हातात घेतला, लांब धरला आणि विचारलं, यात राळेगाव कुठं? नवऱ्यानं नकाशा मोठा केला. एक चौकोन आला, त्यात राळेगावही होतं, कळंबही होतं आणि अर्धं बाभूळगावही. बाबा म्हणाले, माह्या दोन वावरात एकसारखा पाऊस पडत नाही अन् इथं तीन तालुके एका डब्यात. त्यांचं चूक नव्हतं. समुद्रावर पन्नास किलोमीटरचा डबा पुरतो, कारण वारा तेवढ्या पट्ट्यात साधारण एकच असतो. गडगडाटी पाऊस रस्त्याच्या एका बाजूला पडून दुसरी बाजू कोरडी ठेवतो.

मात्र एक गोष्ट नंतर कळली ती सांगायला हवी. त्याच हंगामात केंद्रीय कृषी मंत्रालयानं १३ राज्यांतल्या ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना पाऊस कधी लागेल याचे अंदाज मोबाइलवर पाठवले होते, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यानं काढलेले, चार आठवडे आधीपर्यंतचे. मेअखेरीस पाऊस अडकून राहील हेही त्यात आधी दिसलं होतं. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं, की पाऊस कधी येईल यापेक्षा आला तर टिकेल का, हा बाबांचा प्रश्न अखेर कुणीतरी विचारला. बाबांच्या फोनवर तो संदेश आला होता का, हे कळायला मार्ग नाही. त्यांच्या फोनमध्ये कर्ज देऊ करणारे संदेश इतके असतात की कामाचा संदेश त्यात बुडून जातो.

दुपार कलली तसा वारा सुटला. नवरा अंगणात उभा राहून कडुनिंबाकडे बघत म्हणाला, पश्चिमेचा आहे, दहा-बारा नॉट. बाबांनी नुसतं तोंड फिरवून गालावर घेतला.

बाबा : वारा आम्हालेही कळते आता. २०१७नं शिकवलं.

जावई : फवारणीचं?

बाबा : हो. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी झाली होती. अळी आली. पाऊस उघडला की सगळे एकाच दिवशी पंप घेऊन वावरात. दमट उकाडा, वारा तोंडावर, वर हात करून फवारा. प्रोफेनोफॉस अन् आणखी काय काय मिसळलेलं. जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली. शेकडो दवाखान्यात. तेव्हापासून मी वारा पाठीवर घेतो. नाही तं पंप उतरवून ठेवतो.

जावई : म्हणजे तिथे थांबता.

बाबा : तिथं थांबतो. तिथं दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येते.

यापेक्षा नेमकं उत्तर मला सुचलं नसतं, आणि नवऱ्यालाही खोडता आलं नाही. त्यानं दुसरीकडून सुरुवात केली. आमच्या गावापासून थोड्या अंतरावर बेंबळा प्रकल्पाचा कालवा आहे. ज्यांच्या वावराला कालव्याचं किंवा विहिरीचं पाणी लागतं, ते ओलीतवाले. आमचं वावर कालव्याच्या टोकाच्या पुढचं.

जावई : मामा, तुमचा हा सगळा वाद पावसाशी नाहीच. ओलीतवाला बघा. पाऊस लांबला तर तो एक पाणी देतो, उगवण वाचवतो. त्याला बंदर आहे, अडचण आली की आत शिरायला. तुम्हाला नाही. तर मग आठ दिवस थांबायचं की नाही यावर भांडण्यापेक्षा शेततळं करा. एका पाण्यापुरतं.

बाबा : करतो ना. जागा किती जाते त्यात?

जावई : गुंठ्यांमध्ये जाते.

बाबा : माह्या आठ एकरातली. तुमच्या बंदराची जागा तुमच्या बोटीतून कापून देते का कोणी?

हे ऐकून मीच चिडले. सुधाकरराव नाईक याच जिल्ह्यातले, पुसदचे. १० मेला त्यांच्या नावानं जलसंधारण दिन होतो. वसंतराव नाईकही इथलेच, गहुलीचे. १ जुलैला त्यांच्या जयंतीचा कृषिदिन. दोन मुख्यमंत्री दिलेल्या जिल्ह्यात पहिल्या पाण्यासाठी माणसानं स्वतःच्या आठ एकरातली जागा मोजत बसायचं. हे मी बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, कृषिदिनाचं भाषण चांगलं असते, पेरणी झाली असन तं.

मग जरा कामाचं बोलणं झालं. नवरा आता थांबा म्हणत नव्हता, वाटून घ्या म्हणत होता. सगळं एकदम नको. थोडं धुळीत, थोडं पावसानंतर. बाबांच्या मनातही तेच होतं, फक्त कुठलं वावर आधी यावर पुन्हा खडाजंगी. नवऱ्याला वाटलं बरडाचं, हलक्या जमिनीचं आधी पेरावं, भारी जमीन महत्त्वाची म्हणून राखून ठेवावी. बाबांनी कपाळावर हात मारला. हलकी जमीन पावसानंतर दोन दिवसांत वापशाला येते, तिथं केव्हाही जाता येईल. भारी काळी जमीनच पाऊस पडल्यावर दार लावून घेते. तिच्यात जायचं तर आताच, कोरड्यात. जी जागा नंतर बंद होणार तिथं आधी जा. नवऱ्याला हे एकदम पटलं. खाडीच्या तोंडावर ओहोटीला वाळूचा दांडा उघडा पडतो, तिथून भरती असतानाच निघावं लागतं, म्हणाला. किती एकर, यावर मात्र एकमत झालं नाही. बाबा पाच म्हणत होते, नवरा तीनवर अडला होता.

तेवढ्यात टोबणीच्या बायांच्या मुकादम बाईंचा फोन आला. बाबांनी सवयीप्रमाणे स्पीकरवर टाकला.

मुकादम बाई : भाऊ, गुरुवार देऊ का तुम्हाले? नाही तं मंग पुढच्या आठवड्यात पाहा लागन.

बाबा : पाऊस पाहून सांगतो ना उद्या.

मुकादम बाई : पाऊस मले सांगून येते का? वीस बाया हायेत माह्यासंगं. दिवस खाली गेला तं त्याईची मजुरी कोण देते? तुमच्या सरकीले दोन महिने धीर हाय, आमच्या चुलीले नाही. गुरुवार घ्या, नाही तं मी पलीकडच्या गावाले होकार देते.

बाबांनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं तीन बोटं दाखवली.

बाबा : गुरुवार. भारी वावर. तीन एकर.

मुकादम बाई : तीन एकराले वीस बाया काय कराच्या? पाच करा.

बाबा : तीनच. दहा पाठव.

मुकादम बाई : मंग बाकीच्या दहा मी दुसऱ्याले देते, अन् पाऊस पडल्यावर तुमचा नंबर शेवटी लागन. चालते का?

नवरा बोटं तशीच धरून उभा होता. बाबांनी थैल्यांकडे एकदा बघितलं.

बाबा : चार एकर. पंधरा बाया. साडेसहाले या, ऊन व्हायच्या आधी.